पाच नंबर वाजतोय

म्हापसा सोडून पेडण्याच्या वाटेला लागलं की हमरस्त्यालगत एक खाजगी इस्पितळ लागतं. तिथल्या आयसीयूच्या दारात कुणी नातेवाईक ऊर बडवायला लागला, की डॉक्टर दत्तप्रसाद मान वर न करताच म्हणायचे, "सुमंगलाला पाठवा." मोठे हुशार डॉक्टर, पण रडणारं माणूस समोर आलं की त्यांची पाचावर धारण बसायची. मग सुमंगला सिस्टर हातमोजे काढत बाहेर यायची, बाकावर शेजारी बसायची आणि पहिला प्रश्न विचारायची तो, "जेवलात काय?" अर्धं रडं तिथंच ओसरायचं. रडणारा गोंधळून म्हणायचा, "नाही." मग ही म्हणायची, "बघा तर! आत त्यांना आम्ही भरवतोय आणि बाहेर तुम्ही उपाशी. उठा, कँटीनला पाव-भाजी आहे गरम."

जिभेवर साखर होती म्हणून ती गरीब गाय होती असं मात्र समजू नका. कामचुकार वॉर्डबॉयला ती असा झाडायची की तो पुढचे दोन दिवस मागच्या जिन्यानं यायचा. पंधरा-सोळा वर्षं त्या आयसीयूत काढली होती तिनं. नव्या मुली तिला घाबरायच्या आणि घरचं काही दुखलंखुपलं तर सांगायलाही तिच्याकडेच जायच्या.

माहेर तिचं कारापूरचं. खाणी जोरात चालत तेव्हा त्यांच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, एकामागून एक. भिंतीतल्या मांडणीवरचे पेले हलायचे, पाहुणे कानात बोटं घालायचे, आणि ही ओसरीवर खुशाल पाढे पाठ करत बसायची. पुढे खाणी बंद पडल्या. त्या दिवसांत ती माहेरी गेली, तर आई म्हणते कशी, "चेडवा, झोप येना गो. रस्तो मेलो काय असा वाटता." कानाला सवय होते ती अशी. कान काही बंद होत नाहीत, आत मनच दार लावून घेतं, आणि लावलंय हे आपल्यालाही कळत नाही.

लग्न होऊन ती पेडण्यात आली. नवरा कृष्णनाथ, बाजारात नळाच्या सामानाचं दुकान. माणूस सरळ, पण थट्टेखोर. ड्युटीवरून आली की सुमंगला स्वयंपाकघरात कुकर लावायची आणि शेजारीच उभी राहून कांदा चिरायची. शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, डाळ करपायची, वास बाहेरच्या खोलीपर्यंत जायचा, तरी हिचा कांदा चालूच! मग कृष्णनाथ दारातून ओरडायचा, "अगो, कुकर बोंब मारता थंय! तुका आयकाक येना काय?" ती दचकून गॅस बंद करायची आणि हसायची. मुलगी गौरवी म्हणायची, "आईला फक्त पगाराचे आवाज ऐकू येतात." आणि गंमत अशी, की चतुर्थीला आरतीत झांजा वाजत असताना हिला मधूनच वाटायचं, कुठंतरी मॉनिटर वाजतोय. हात जोडलेले असतानाच ती मान वळवून बघायची.

आयसीयूत म्हणे शांतता असते! ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा तिथं तासभर उभं राहावं. प्रत्येक पलंगाशी एक मॉनिटर, औषध ढकलणारे दोन-तीन पंप, कुणाला श्वासाचं यंत्र, कुणाला हवेची गादी. आणि या प्रत्येकाला तोंड. पेशंटनं कूस बदलली, छातीवरची वायर सुटली, की बोंब. खोकला आला, की बोंब. पंपातलं औषध संपत आलं तर टुणटुण, संपलं तर बोंब. बोटाला नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात, तो जरा सरकला की यंत्राला वाटणार माणूस गेला. यंत्र बनवणाऱ्याचं बरं असतं. न वाजता काही झालं तर आपल्यावर नको, म्हणून तो सगळ्यालाच वाजायला लावतो आणि मोकळा होतो. धावायचं कुणी? तर या चार बायकांनी, आणि तेही एका पेशंटला औषध देत असताना, दुसऱ्याची चादर बदलत असताना, तिसऱ्याच्या मुलाच्या फोनला उत्तर देत असताना. दहा वेळा धावावं तेव्हा नऊ वेळा काही नसतं. मग अकराव्या वेळी पाय आपोआप चालीवर येतात. मॉनिटरवर एक आवाज गप्प करायचं बटण असतं, त्यावरचं घंटेचं चित्र बोटं लागून लागून पुसून गेलेलं होतं. बाकीची बटणं अजून कोरी करकरीत होती.

हरमलची सेजल नवी लागली, तेव्हा पहिला महिनाभर ती प्रत्येक आवाजाला धावायची. बाकीच्या मुली फिदीफिदी हसायच्या. सुमंगलानं तिला जवळ घेऊन सांगितलं, "धाव, पण यंत्राकडे नको धावूस. आधी माणसाचं तोंड बघ, ओठ बघ, छाती हलते काय बघ. यंत्र मागाहून." शिकवण सोन्यासारखी होती आणि शिकवणारीनं ती एके काळी स्वतः पाळलेलीही होती.

तर अशा या आयसीयूत पाच नंबरला परशुराम आला.

परशुराम बेळगाव जिल्ह्यातला, खानापूरच्या बाजूचा. मोप्याला विमानतळ झाल्यापासून आसपास इमारती उठताहेत, त्यांतल्याच एकीवर तो सेंटरिंगचं काम करायचा. फळ्या ठोकायच्या, लोखंड बांधायचं, स्लॅब पडला की फळ्या काढायच्या. अंगानं दणकट. पण ताप अंगावर काढला, छातीत न्यूमोनिया भरला आणि एके दिवशी मुकादमानं त्याला जीपमध्ये घालून आणलं तेव्हा धड बोलताही येत नव्हतं. तोंडावर पिशवीवाला ऑक्सिजनचा मास्क चढवला. बायको सिंधू बरोबर होती. तीही त्याच साइटवर सिमेंटची घमेली उचलायची. तिशीच्या आतबाहेरची, काटक, डोळे मोठे आणि सतत घाबरलेले.

आता या परशुरामाची बोटं! वर्षानुवर्षं सिमेंट आणि लोखंड हाताळून कातडी अशी जाड झालेली, नखं पिवळी आणि खडबडीत, की चिमट्याचा लाल उजेड बोटातून पलीकडे जाईचना. चिमटा लावला की यंत्र क्षणभर आकडा दाखवायचं आणि मग बोंब मारायचं. शिवाय तापाच्या भरात तो हात झटकायचा. पाच नंबर दिवसभर वाजत राहायचा. कानाच्या पाळीला लावायचा वेगळा चिमटा असतो, तो विभागात एकच होता आणि तो मोडलेला होता. नवा मागवलाय, असं वरून महिनाभर सांगत होते.

परशुराम सिंधू जवळ असली की शांत पडायचा, मास्क ओढायचा नाही. म्हणून सुमंगलानंच डॉक्टरांना सांगून तिला दिवसा आत बसायची मुभा मिळवून दिली. नियमात बसत नव्हतं, पण सुमंगलानं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सिंधू स्टुलावर बसायची आणि यंत्र वाजलं की तीरासारखी उठायची. "सिस्टर! सिस्टर, वाजायलंय की हो! काय झालं बघा की हो!" सिस्टर यायची, चिमटा सारखा करायची, जायची. पाच मिनिटांनी परत. "सिस्टर!" पहिल्या दिवशी साऱ्या कौतुकानं गेल्या. दुसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या पडल्या. सेजल म्हणाली, "सिस्टर, ती बाई मला वेड लावणार."

मग सुमंगला गेली. स्टूल ओढून सिंधूशेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि आपल्या त्या साखरेच्या आवाजात म्हणाली, "अगे बाई, तू अशी प्रत्येक वेळी काळजाचं पाणी करून घेतलंस तर तुलाच शेजारच्या पलंगावर निजवावं लागेल. हे यंत्र आहे येडं. ह्यांच्या बोटाला घट्टे, त्याला आकडा मिळत नाही, मग ते ओरडतं. वाजतंच ते. तू त्याच्याकडे बघूच नको. हे बघ, चिमटा असा काढायचा, बोट पुसायचं, दुसऱ्या बोटाला लावायचा. आलं? आता तूच कर."

सिंधूनं केलं. यंत्र गप्प झालं. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"बघ! शिकलीस की! अर्धी नर्स झालीस," सुमंगला म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. मायेनंच म्हटलं होतं. दिवसभर त्या बाईचं धाबं दणाणलेलं तिला बघवत नव्हतं, हेही खरं, आणि सगळ्यांची कामं खोळंबत होती, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून पाच नंबर सिंधूनं सांभाळला. वाजला की चिमटा काढायचा, पदरानं बोट पुसायचं, दुसऱ्या बोटाला लावायचा. नर्सा खूष. कुणी चहा पिताना म्हणायची, "पाच नंबर वाजतोय गे," की दुसरी म्हणायची, "सिंधू आहे ना." सिंधूही खूष. साइटवर घमेलं उचलणाऱ्या बाईला इथं एक मोलाचं काम मिळालं होतं, आणि तेही नवऱ्यासाठी. परशुरामाचा ताप उतरू लागला. डॉक्टर दत्तप्रसाद म्हणाले, असंच राहिलं तर दोन-तीन दिवसांत वॉर्डात हलवू.

आणि मग त्या दुपारी ते झालं.

जेवणं झालेली, फरशी पुसायची वेळ. पुसणाऱ्या बाईनं पाच नंबरचा पलंग जरा पुढे ओढला, खालून फडका फिरवला आणि पलंग मागे ढकलला. ढकलताना त्याचं चाक ऑक्सिजनच्या नळीवर चढलं. तिला दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. भिंतीवरच्या बाटलीत ऑक्सिजनमुळे पाणी बुडबुडत असतं, ते बुडबुडायचं थांबलं. मास्कची पिशवी हळूहळू चपटी झाली. या सगळ्याचा आवाज नव्हता. आवाज केला तो मॉनिटरनं, नेहमीचाच.

त्याच वेळी दोन नंबरच्या म्हाताऱ्याचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर, सुमंगला, सेजल, सगळी तिथं. छाती दाबणं चाललेलं. एक सांगतोय, दुसरी औषध भरतेय. त्या गडबडीत सुमंगलाच्या कानावर पाच नंबरचा आवाज आला. पुढे कितीही म्हटलं, तरी आला हे नाकारता येत नव्हतं. तिला स्पष्ट कळलं, पाच नंबर वाजतोय. आणि तिच्याच मनानं उत्तर दिलं, सिंधू आहे तिथं. पुढच्या क्षणी आवाज तिच्यापुरता नाहीसा झाला.

सिंधूनं चिमटा काढला. बोट पुसलं. दुसऱ्या बोटाला लावला. यंत्र वाजतच होतं. तिनं तिसरं बोट धरलं. मग दुसरा हात. परशुराम आधी जरा तळमळला, मास्ककडे हात नेऊ लागला, तर तिनं तो हात हळूच धरून खाली घेतला, कारण मास्क काढू द्यायचा नाही हेही तिला शिकवलेलं होतं. "असू द्या, असू द्या," ती म्हणत राहिली. मग त्याची तळमळ थांबली. डोळे मिटले. तिला वाटलं, कधी नव्हे ती झोप लागली. झोपमोड नको म्हणून ती बोलायचीही थांबली. यंत्राकडे तिनं बघितलं नाही. ते येडं आहे, हे तिला माहीत होतं.

सेजल सुया आणायला कपाटाकडे धावली ती पाच नंबरवरून. धावता धावता तिनं सवयीनं तोंडाकडे बघितलं आणि किंचाळली. परशुरामाचे ओठ जांभळे झाले होते.

पुढचं सगळं झटक्यात झालं. चाकाखालची नळी सापडली, हातानं दाबायच्या फुग्यानं श्वास दिला, घशात नळी घालून परशुरामाला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. नाडी टिकली. पण मेंदूला किती वेळ ऑक्सिजन मिळाला नाही, शुद्धीवर येईल की नाही, आला तर कसा येईल, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. दोन नंबरचा म्हातारा गेला तो गेलाच.

डॉक्टर दत्तप्रसाद घामानं भिजलेले बाहेर आले. माणसाला राग कुठंतरी काढायचा असतो. भिंतीशी चिकटून उभ्या असलेल्या सिंधूला ते म्हणाले, "अहो बाई, तुम्ही शेजारी बसला होतात! एवढं वाजत होतं! एक हाक मारता आली नाही?"

सिंधूनं सुमंगलाकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. शाळेत उत्तर चुकलं की मूल बाईंकडे बघतं, तसं ते होतं. मग ती म्हणाली, "मला वाटलं, झोपले."

सुमंगलाच्या ओठांवर आलं होतं. इतकं जवळ आलं होतं, की तिनं श्वासही घेतला. आणि नाही बोलली. का नाही बोलली? तेवढ्यात कुणीतरी फाइल पुढे केली म्हणून, म्हाताऱ्याच्या मुलाला सांगायला जायचं होतं म्हणून, नंतर शांतपणे सांगू म्हणून. कारणं काय, मागाल तितकी मिळतात. नातेवाइकांना आत बसायची मुभा त्याच संध्याकाळी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी गावाहून सिंधूची सासू आणि धाकटा दीर प्रमोद आले. ते बाहेरच्या बाकावर बसले, आणि काय झालं ते सिंधूनंच त्यांना सांगितलं, आपलं काही न लपवता; सिस्टरनं शिकवल्याचं तेवढं तिनं काढलं नाही. सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "माझं पोर गुदमरायलं आणि तू बोटं पुसत बसलीस व्हय गं!" प्रमोद शिकलेला, बेळगावात नोकरीला. तो शांतपणे म्हणाला, आणि ते जास्त लागलं, "वहिनी, लहान पोरालाही कळलं असतं." सिंधू खाली मान घालून ऐकत राहिली. दारातून सुमंगला आत चालली होती, तिनं हे सगळं ऐकलं. आज कोणीही रडत नव्हतं, म्हणून तिला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं कृष्णनाथला सांगितलं. दुकान बंद करून तो नुकताच आला होता, पाय धुऊन मागच्या पायरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. थट्टा केली नाही.

"तुका तो आवाज आयकाक इल्लो?" त्यानं विचारलं.

"इल्लो."

त्यानं पंचानं पाय पुसले. मग म्हणाला, "बोललंस तर नोकरी जातली. आणि चूक काय तुझी एकटीची? चार बायकांनी किती धावायचा?"

"ता खरां," ती म्हणाली. "पण थंय ती एकटीच बसल्या मरे."

कृष्णनाथचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. त्या आठवड्यात तिनं स्वतःवर एक सूडच घेतला म्हणा ना. जो आवाज होईल त्याला धावायची. बटणाला हात लावायच्या आधी पेशंटच्या तोंडाशी वाकायची. पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी औषधं उशिरा गेली, एकाची चादर ओलीच राहिली. तिसऱ्या दिवशी तिचे पाय असे सुजले की चपला सोडून उभं राहावं लागलं, आणि तरीही काही आवाज तिच्या हातून सुटलेच. तेव्हा तिच्या नीट लक्षात आलं, की हे नुसतं मन लावून होणारं कामच नव्हे. एवढ्या आवाजांना एवढी माणसं पुरूच शकत नाहीत. ती मेट्रनपुढे गेली, मोडक्या चिमट्याचा विषय काढला, ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे यंत्रानं कधी वाजायचं त्याच्या मर्यादा लावून द्या म्हणाली, फुकट वाजणारे आवाज तरी कमी करा म्हणाली. मेट्रननं बघू म्हटलं. कानाचा चिमटा मात्र दुसऱ्याच दिवशी आला. एवढं झाल्यावर!

पण यांतल्या कशानंही बाहेरच्या बाकावरचं काही हलत नव्हतं. सिंधू बाकाच्या टोकाला बसायची, सासू आणि प्रमोद दुसऱ्या टोकाला. मधली जागा रिकामी. भेटीच्या वेळी प्रमोद आत जायचा, सासू जायची. सिंधू उठायची नाही. एकदा सुमंगलानं तिला विचारलं, "जेवलीस?" सिंधूनं मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही, आणि सुमंगलाला आपल्याच प्रश्नाची लाज वाटली.

परशुरामानं डोळे उघडले. आधी नुसते उघडे, मग ओळख असलेले. सांगितलं की हात दाबू लागला. घशातली नळी निघाली त्या सकाळी साऱ्या आयसीयूत आनंद झाला, डॉक्टर दत्तप्रसादांनी चक्क शिट्टी वाजवली. आवाज घोगरा, हाताला थोडा कंप, पण माणूस शाबूत. आणि पहिला शब्द त्यानं काढला तो, "सिंधू?"

सेजल दारात जाऊन म्हणाली, "सिंधूला बोलावतायत." प्रमोद उठला. "मी येतो," तो म्हणाला. "तिला नको सोडू आत. एकदा झालं ते पुरे झालं." सिंधू उठली होती ती परत बसली. अंग चोरून बसली, आणि म्हणाली, "भाऊजी म्हणतात ते बरोबर हाय. माझा काय भरवसा?"

सुमंगला सेजलच्या मागेच उभी होती. तिनं हे ऐकलं. नवरा जगला होता, पण ही बाई उरलेला जन्म त्याच्या उशाशी बसायला भिणार होती. गावी परत गेल्यावर घरोघर हेच सांगितलं जाणार होतं, सणावारी, भांडणात, नातवंडांपुढे. आणि हे सगळं खोटं आहे हे पुरतं ठाऊक असलेलं माणूस या इमारतीत एकच होतं.

ती बाहेर आली. बाकाच्या मधल्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिली. आज तिच्या आवाजात साखर नव्हती.

"चूक सिंधूची नाही," ती म्हणाली. "ती आधी प्रत्येक वेळी हाक मारत होती. तुमच्या मुलाचं यंत्र वाजलं की ओरडायची, धावायची. मीच तिला गप्प केलं. वाजतंच ते, तिकडे बघू नको, असं मी सांगितलं. बोट पुसायलाही मीच शिकवलं. ते माझं काम होतं, तिचं नव्हतं. आणि त्या दिवशी ते वाजत होतं ते मला ऐकू आलं होतं. मी आले नाही."

प्रमोद भडकला. "म्हणजे? आणि इतके दिवस तुम्ही तोंड शिवून बसला? आम्ही हिला काय काय बोललो! मी सोडणार नाही. तक्रार करणार!"

"करा. डॉक्टरांना मी आज सांगणारच आहे. विचारतील तिथं हेच सांगेन."

सासूनं पदर तोंडाला लावला. ती सिंधूकडे बघायला धजत नव्हती.

सिंधू मात्र उठून उभी राहिली. घाबरलेले ते मोठे डोळे आता घाबरलेले नव्हते. ती सुमंगलाच्या अगदी समोर आली.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"होय."

"मग मला एक सांगा. मी हाक मारली असती, तर तुम्ही आला असता?"

सुमंगलानं तोंड उघडलं. आले असते, धावत आले असते, असं म्हणायला काय लागत होतं? त्या एका शब्दानं सगळं गोड झालं असतं, पण त्याच शब्दानं सिंधूच्या डोक्यावर हाक न मारल्याचं ओझं परत चढलं असतं. आणि मुळात ते खरं नव्हतं. त्या दुपारी, म्हाताऱ्याच्या छातीवर हात असताना, पाच नंबरवरून हाक आली असती तर आपण काय केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी तिथूनच 'येते हं' म्हटलं असतं."

सिंधू तिच्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ती रडली, तिथंच, उभ्या उभ्या, मोठ्यानं. सुमंगलानं तिला समजावलं नाही. खांद्यावर हातही ठेवला नाही, आपल्याला तो हक्क उरलाय असं तिला वाटलं नाही. ती नुसती समोर उभी राहिली.

मग सिंधूनं पदरानं तोंड पुसलं.

"आता मी आत जाणार," ती दिराकडे न बघता म्हणाली. मग सुमंगलाला म्हणाली, "आणि आता वाजलं की मी ओरडणार. एकदा न्हाई, दहा बार ओरडीन. तुम्ही येईस्तोवर."

"ओरड," सुमंगला म्हणाली, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.